चहाच्या आधीची गोळी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चहा न पिणं.

थंडीची सकाळ होती. घरापुढच्या ओट्यावर आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. माझी बायको गोकर्णा पायावर गोधडी घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. मी नुसता बसलो होतो. आत सून, वंदना, चहा करत होती आणि ठेचलेल्या अद्रकाचा वास बाहेरपर्यंत येत होता. पण मी नुकतीच गोळी गिळली होती. ती गोळी रिकाम्या पोटी घ्यावी लागते, आणि वर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं.

"आज अद्रक जास्त टाकलं पोरीनं," गोकर्णा म्हणाली.

"तुले वासावरून समजते?"

"इतकी वर्सं नुसता वासच घेऊन राह्यली ना मी. तुमच्या पायी."

सोललेले हिरवे दाणे तिनं माझ्या हातावर ठेवले आणि लगेच उचलून घेतले. "बह्याड हाव मी. तुमाले चालत नाई आता."

त्याच दुपारी ती धुणं वाळू घालायला गेली. दोरीखालीच बसली आणि उठली नाही. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसाचं याच्यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

मी तुळशीराम. शेलूबाजारच्या स्टँडवर आयुष्यभर काळी-पिवळी जीप चालवली. शाळा चौथीपर्यंत. हे लिहायला मला वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी लावलं. म्हणाल्या, "काका, पुरुष माणसं हा आजार लपवतात. तुम्ही तुमचं लिहा, मी दुसऱ्यांना वाचायला देईन." अक्षर माझं आहे. शुद्धलेखन सुनेनं पाहिलं. तिनं काही ठिकाणी मला सभ्य करायला पाहिलं, तिथं मी परत माझंच लिहिलं.

उन्हाळ्यातलं स्वेटर

आमच्या धंद्यात गाडीपेक्षा गळा मोठा लागतो. "मंगरूळ, मंगरूळ, मंगरूळ" असं मी ओरडलो की पार पलीकडच्या हॉटेलातली सवारी अर्धी भजी टाकून पळत येई. तोच गळा बसला. आधी वाटलं धूळ गेली असेल. मग वाटलं तंबाखू. तंबाखू सोडली तरी आवाज सुटेना.

मग थंडी वाजायला लागली. आमच्याकडं चैत्रात डांबर मऊ होतं, तेव्हा मी स्वेटर घालून जीपमध्ये बसायचो. डोळ्यांखाली सूज, हातपाय जड, बद्धकोष्ठ, आणि झोप तर अशी की सवारी भरेपर्यंत मी स्टेअरिंगवर घोरत असायचो. लोक समजले, म्हातारा प्यायला लागला. स्टँडवर रहीमभाईचं पंक्चरचं दुकान आहे, माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुलश्या, रेडिओ बिघडला काय रे तुहा? बॅटरी बदल ना बावा."

सगळे हसले, मीही हसलो. पण एक दिवस रस्त्यात बकरी आडवी आली आणि माझा पाय ब्रेकवर पोहोचायला उशीर झाला. बकरी वाचली. मागं बसलेल्या बाया बोंबलल्या. त्या संध्याकाळी मी किल्ली पोराच्या, गजाननच्या, हातात दिली. कारण सांगितलं नाही. गोकर्णानं मात्र विचारलं नाही, सरळ सांगितलं, "उद्या वाशीमले जाऊ."

बायांची रांग

रक्त तपासलं. रिपोर्ट आल्यावर परत बोलावलं. दवाखान्यात बाकड्यावर सगळ्या बायाच बाया होत्या. कोणाचा गळा सुजलेला, कोणाच्या पोटात लेकरू. रांग लावणारा माणूस दारातून ओरडला, "थायरॉईडवाले पुढं या!" माझ्या कागदावर तेच लिहिलं आहे हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. त्यानं नाव न वाचता माझ्या हातातला कागद पाहिला आणि मला म्हणाला, "काका, पेशंट कुठं हाये? बाईले पाठवा."

सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. त्यातल्या दोघी आमच्या शेजारच्या गावच्या, माझ्याच जीपमध्ये बसणाऱ्या. माझे कान तापले. थंडी वाजणाऱ्या माणसाचे कान तापले, म्हणजे पाहा.

गोकर्णा उठली. "मीच हाव पेशंट," म्हणाली. "हे संगं आले माह्या."

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी माझ्या गळ्याला हात लावला आणि म्हणाल्या, "काका, शरीरात रोगाशी भांडणारी फौज असते. तुमची फौज चुकून तुमच्याच गळ्यातल्या गाठीशी भांडते आहे. ती गाठ आता कामाची राहिली नाही. ती जो रस तयार करायची, तो गोळीतून द्यायचा. रोज, कायम." मी मनाशी असं समजलो की घरच्या कुत्र्यानं घरच्याच माणसाला चावावं, तसलं काहीतरी. मी विचारलं, "हा बायाइचा आजार हाये ना?" त्या म्हणाल्या, "बायकांना जास्त होतो. पण शरीराला काय माहीत तुम्ही कोण आहात ते."

मला ते उत्तर आवडलं नाही. मरदाला बायाइचा आजार व्हावा, म्हणजे मीच कुठंतरी अर्धा आहे असं मला वाटलं. सगळं खरं लिहायचं आहे म्हणून लिहितो, रात्री बायकोच्या अंगाला हात लावायचीही मला लाज वाटायला लागली होती. हा आजार तेही करतो. गोळीनं पुढं तेही बरंच सुधारतं. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं सांगून ठेवतो.

येताना जीपमध्ये एका बाईनं विचारलंच. गोकर्णा म्हणाली, "मले थायराईड निघाला वो बाई." घरी येईपर्यंत अर्ध्या शेलूबाजारला माहीत झालं होतं की तुळशीरामच्या बायकोला थायरॉईड आहे.

"काहून असं केलं?" मी घरी विचारलं.

"मले कोन काय म्हनते? बाईच हाव मी."

खडीसाखर

गोळ्यांची बाटली तिच्या सुपारीच्या डब्यात राहायची. सकाळी ती चुलीजवळ सुनेच्या समोर बाटली उघडायची, एक गोळी काढल्यासारखं करून तोंडात खडीसाखर टाकायची आणि वर पाणी प्यायची. खरी गोळी पदराच्या गाठीत. ओट्यावर येऊन पदर माझ्या हातावर सोडायची. तिचं हे काम इतकं सफाईचं होतं की मला कधीकधी भीती वाटे, ही दुसरं काय काय लपवत असेल.

आता गोळी "तिची", म्हणून वंदना तिला अर्धा तास चहा देत नसे. आणि मी म्हणायचो, "मीबी तिच्यासंगच घेईन." त्यामुळं गावात वेगळंच नाव झालं. म्हातारा बायकोशिवाय चहाला तोंड लावत नाही म्हणून शेजारच्या बाया आपल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या.

माझं दुखणं हळूहळू आटोक्यात आलं. आवाज पूर्ण आला नाही, पण स्वेटर सुटलं. दर काही महिन्यांनी आम्ही दोघं वाशीमला जायचो, रक्त माझं काढायचे, गोळी कमी-जास्त व्हायची. आणि तिला काय मिळालं? माझी मोठी बहीण, अक्का, केनवडला दिली आहे. ती आली की म्हणायची, "माह्या भावाच्या नशिबी रोगट बायको." दुपारी गोकर्णा जरा आडवी झाली की लोक म्हणायचे, थायराईड हाये ना, सुस्त असतात त्या. मला ऐकू यायचं. तिला मी म्हटलं, आता सांगून टाकू. ती म्हणाली, "बसा गुपचूप. तोंडं हायेत त्याइची, बोलतीन." मी बसलो. मला बसायचंच होतं.

गाठोडं

आमच्याकडं माणूस गेल्यावर राख सावडायला जातात त्या दिवशी त्याचं अंथरूण, अंगावरचे कपडे, वापरातल्या काही वस्तू गाठोड्यात बांधून राखेसोबत नदीवर नेतात. ओसरीत सतरंजीवर गावातली माणसं बसली होती. मी भिंतीशी. अक्का मधल्या घरात वस्तू गोळा करत होती. गोकर्णाची गोधडी. तिची चप्पल. तिचा कंगवा. मग वंदनानं सुपारीचा डबा आणला.

"अन् या गोळ्या?" तिनं विचारलं.

"टाक त्यातच," अक्का म्हणाली. "मेलेल्या मानसाचं औषध घरात ठेवू नाई. दुखनं मागं राह्यते."

वंदनानं बाटली गोधडीत ठेवली. मी पाहत होतो. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते, त्या माह्या हायेत. बाजूला माझे साळे बसले होते, सरपंच बसला होता, रहीमभाई बसला होता. मी बायकोसाठी रडत असताना माझं लक्ष गोळ्यांच्या बाटलीवर आहे, ही लाज एक. आणि ती गोळी कसली ते सांगायची लाज दुसरी. दोन्ही मिळून ते तीन शब्द तोंडातच राहिले.

गजाननने गाठोडं खांद्यावर घेतलं. मी त्याच्या मागं चालत नदीवर गेलो. स्वतःच्या डोळ्यांनी ते पाण्यात जाताना पाहिलं.

गोळीशिवाय

गोळी सुटली तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही. हेच त्यातलं वाईट आहे. मला वाटलं, पाहा, काहीच होत नाही, म्हणजे गोळीची गरजच नव्हती. तेरवी झाल्यावर मेडिकलमध्ये जाता आलं असतं. पण गोळीचा रंग माहीत होता, ताकद किती ते माहीत नव्हतं, ते सगळं तीच पाहायची. शिवाय दुकानदारानं विचारलं असतं, "आता कोणासाठी, काका?" आणि मनात हेही होतं की कशाला घ्यायची. कोणासाठी.

हळूहळू थंडी परत आली. होळी होऊन गेली तरी मी गोकर्णाची शाल पांघरून बसायचो. तोंड सुजलं. आवाज इतका जाड झाला की शिकायला बाहेरगावी असलेली नात फोनवर मला ओळखेना. बसल्या जागी डोळे मिटायचे. एक वाक्य पूर्ण बोलायला मला दम लागायचा, आणि कधीकधी तर मधेच विसरायचो की काय सांगत होतो. घरात सगळे म्हणायचे, दुःखानं खचला. दुःख होतंच. पण दुःखानं माणसाच्या पापण्या सुजत नाहीत आणि पायाची कातडी सुकलेल्या तळ्यासारखी होत नाही. हे मला एकट्याला माहीत होतं, आणि मी सगळ्यांना माझ्या दुःखाची कीव करू देत होतो.

वंदना ताटासमोर बसून म्हणायची, "मामाजी, दोन घास तरी. आत्याबाई असत्या तं असं केलं असतं काय तुमी?"

मी म्हणायचो, "भूक नाई."

भिंतीवरचा फोटो

मग केनवडहून अक्का आली. तिनं माझं तोंड हातात धरून इकडून तिकडून पाहिलं. मग वंदनाला, गजाननला बोलावलं, आणि माझ्यासमोर, मी बहिरा असल्यासारखी म्हणाली, "हे तिचंच दुखनं हाये. सूज, सुस्ती, थायराईडच हा. जीव होता तिचा याच्यावर. तिकडं एकटीले करमत नाई. ओढून राह्यली ती त्याले."

"काई बोलता का आत्या," गजानन म्हणाला. पण त्याचा आवाज घाबरलेला होता.

"मी पाह्यलं हाये असं. अमुशाले उतारा टाकू. एक जानकार हाये आमच्याकडं, त्याले इचारलं मी. तो म्हने पयले तिचा फोटो घरातून काढा. नदीत सोडा. नाईतर नेईन ती याले."

अक्कानं पिशवीतून लिंबं काढून चौकटीपाशी ठेवली. गजानन भिंतीशी गेला. फोटोला हार होता, तो त्यानं आधी काढला. मग खिळ्याला हात लावला.

जी बाई माझ्यासाठी रोज सकाळी चहा सोडून बसली, तिला माझ्याच घरात माझ्या जिवावर उठलेली हडळ ठरवत होते. आणि मला तेव्हाही वाटलं, बोलू का नको. इतका मी वाईट. पण फोटो खिळ्यावरून निघाला तसा माझ्या तोंडून आवाज निघाला. जाड, बसका, म्हशीसारखा.

"फोटोले हात लावू नको."

गजानन थांबला.

"अक्का, तिले काईच नव्हतं."

"असं कसं? रोज गोळी खाये ती."

"खडीसाखर खाये. गोळ्या मी खात होतो. थायराईड मले हाये."

अक्का हसली. "मरदाले कुठं होते बाप्पा थायराईड?"

"मले झाला. वाशीमच्या डॉक्टरीणबाईले इचार. ती बाटली माह्यी होती. तुमी नदीत सोडली तवा मी तिथंच उभा होतो."

वंदनाचे हात कणकेचे होते. ती तशीच खाली बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "एक डाव आत्याबाईले ताप होता. सकाळीच चहा मांगतला त्याइनं. मी म्हटलं, थांबा आता, गोळी खाल्ली ना तुमी. तं हसल्या. अन् थांबल्या."

ते मला माहीत नव्हतं. गोकर्णानं ते मला सांगितलं नव्हतं.

वंदना रडली ती अशी की तेरवीलाही रडली नव्हती. गजाननने फोटो परत लावला, हार घातला, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, "सकाळी वाशीमले जाऊ." आईसारखंच बोलला. अक्कानं उठून चौकटीजवळची लिंबं उचलली आणि वंदनासमोर ठेवली. "वरनात पिळा," म्हणाली, आणि मागच्या दारी जाऊन तोंड धुतलं.

वॉर्ड

तेच बाकडं, त्याच रांगेत बाया. रांग लावणारा माणूस नवा होता, पण विचारलं तेच, "बाई कुठं हाये, काका?"

मी म्हणालो, "बाई वारली. पेशंट मीच हाव."

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. नाडी फार हळू चालली होती. भरती करून घेतलं. त्या रागावल्या, चांगल्या रागावल्या, आणि मला ते बरं वाटलं, कारण तोपर्यंत सगळे माझी कीवच करत होते. गोळी एकदम पूर्ण देता येत नाही म्हणाल्या, या वयात हृदयाला झेपत नाही, थोडी थोडी वाढवू. हे वाचणाऱ्यानं स्वतःच्या मनानं सोडू नये आणि स्वतःच्या मनानं जास्तही खाऊ नये, एवढं मी माझ्या अकलेवरून सांगतो. अक्कल उशिरा आली आहे.

वॉर्डात उजाडताच नर्स यायची, गोळी हातावर ठेवून मी गिळेपर्यंत उभी राहायची. मग चहावाला किटली घेऊन फिरायचा. पहिल्या सकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसानं माझ्यासाठीही चहा घेतला. "घ्या काका. काहून नाई घेत? कायची गोळी हाये?"

मी म्हणालो, "बीपीची."

म्हणजे घरात इतकं सगळं होऊनही अनोळखी माणसासमोर माझी जीभ वळली नाही. दिवसभर मी त्याच्याकडं पाठ करून पडलो होतो. लाज एका दिवसात जात नाही, हे ज्यांना वाटतं की एकदा बोललं म्हणजे सुटलो, त्यांच्यासाठी लिहितो.

वंदना रोज गजाननच्या जीपमधून यायची. कोमट तेलानं माझे पाय चोळायची. सून सासऱ्याचे पाय चोळते हे पाहून मला संकोच वाटला. ती म्हणाली, "गप बसा. आतापर्यंत लय लपवलं तुमी दोघांनं." त्या "दोघांनं"मध्ये गोकर्णा आली म्हणून मी गप बसलो.

घरी सोडलं तेव्हा सूज अजून होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिना-दोन महिने लागतील. बाटली नवी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. बाटली चुलीजवळच्या फळीवर होती, तिखट-मिठाच्या डब्यांच्या शेजारी, वंदनानं सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. मी ती आणि पाण्याचा गडवा घेऊन ओट्यावर आलो. भिंतीवर जिथं गोकर्णा डोकं टेकायची तिथं तेलाचा डाग आहे. त्याच्या बाजूला, माझ्या नेहमीच्या जागी बसलो. बाटली मांडीवर घेऊन उघडली आणि गोळी घेतली.

रहीमभाई दुकान उघडायला चालला होता. "तुलश्या, आला काय रे घरी? चल, चाय पाज."

नळावर बाया पाणी भरत होत्या. मी जेवढा निघाला तेवढा आवाज काढला, स्टँडवर काढायचो तसा. "अर्धा तास थांब. थायराईडची गोळी खाल्ली मी."

एका बाईनं हंडा खाली ठेवला. "काकाजी, थायराईड तं काकूले होता ना?"

"नाई. मले हाये. तिले काईच नव्हतं. माह्यासाठी तिनं सोताचं नाव सांगतलं होतं."

रहीमभाई म्हणाला, "म्हनजे रेडिओ खरंच बिघडला होता. अन् मी तुले हसत होतो." चप्पल काढून तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला.

वंदना बाहेर आली. तिच्या हातात तिचा कप होता, वर बशी झाकलेली. तो माझ्याजवळ ठेवून ती खाली बसली.

"मीबी थांबते, मामाजी."

"नाई," मी म्हणालो. "तू पे. गरम हाये तवर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बशी काढून कप तिच्याकडं सरकवला. ती प्याली. मी वास घेत बसलो. अद्रक कमी पडलं होतं.